उतरला बरोबर

आमच्या ऑफिसचा जिना ते उलटे उतरायचे.

कसे, ते नीट सांगते. नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. वर यायला बाहेरून लोखंडी जिना, सतरा पायऱ्यांचा, अरुंद आणि चांगलाच उभा. आम्ही सगळे तो चारचौघांसारखे उतरतो. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात फोन, नजर खालच्या गर्दीवर. ते मात्र दाराबाहेर पडले की थांबायचे, वळायचे, तोंड आमच्याकडे करायचे, दोन्ही बाजूंचे दांडे दोन्ही हातांनी धरायचे आणि एकेक पाय मागे टाकत खाली जायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर आली. मी धावत गेले. खाली झेरॉक्सवाला गिऱ्हाइकांना दाखवून हसत होता.

"काही झालं का हो?" मी विचारलं.

"कुठं काय झालं? उतरून राहिलो," ते म्हणाले. "मशीनवरून असंच उतरा लागते."

"अहो, पण हा जिना आहे."

"पायाले काय समजते, मॅडम, जिना हाये का डंपर हाये? त्याले एकच सवय लावा लागते."

हे म्हणताना ते चौथ्या-पाचव्या पायरीवर होते आणि मान वर करून माझ्याशी बोलत होते. उलटं उतरणाऱ्या माणसाचं हे एक असतं. जाताना त्याचं तोंड आपल्याकडे असतं. तेव्हा मला त्याची फक्त गंमत वाटली होती.

त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. नाव आमच्या रजिस्टरमध्ये होतं, पण ते माझ्या तोंडात कधी आलं नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. कुहीकडच्या एका खेड्यातले. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत मोठी मशीनं चालवून रिटायर झालेले. किडकिडीत बांधा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला फुल बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा स्टीलचा गिलास. चहा कुठेही घेतला तरी त्या गिलासातच. मशीनच्या आवाजानं डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धा. म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायचे. नवीन माणूस त्यानं गांगरून जायचा. मीही पहिल्या दिवशी दोनदा रुमालानं ओठ पुसले होते.

आमचा धंदा माणसं पुरवण्याचा. खाणीत कोळशावर मातीचा जाड थर असतो, तो काढायचं काम ठेकेदार घेतात. त्यांना डंपर, डोझर, पोकलेन चालवणारे ऑपरेटर लागतात, आणि ते शोधून द्यायचे आम्ही. आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. मी तिथली एचआर मॅडम. नाव मोठं आहे, काम एवढंच की आलेल्याचे कागद तपासायचे, लायसन्स खरं की खोटं ते बघायचं आणि ट्रायलला न्यायचं. ट्रायल उमरेड रोडवर भाऊंच्या मोकळ्या जागेत व्हायची. तिथे एक जुना डंपर, एक पोकलेन आणि भाऊंची बंद पडलेली जीप उभी असायची. माणूस घ्यायचा की नाही, हे उस्ताद ठरवायचे. मी कामठीहून शेअर ऑटोनं धक्के खात ऑफिसात यायचे, तिथून त्या जागेवर, म्हणजे यार्डावर जायचे, आणि बघायचे तर हा माणूस मशीनकडे पाठ करून उभा.

खरंच सांगते. पोरगा डंपरवर चढायचा, सुरू करायचा, चढावर न्यायचा, मागे घ्यायचा, आणि उस्ताद निम्म्या वेळेनंतर चक्क वळायचे. जीपजवळ जायचे, गिलासात चहा ओतून घ्यायचे आणि पाठमोरेच ओरडायचे, "हो गया बेटा, उतर जा." मग चहा संपवायचे आणि निकाल सांगायचे.

मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "उस्ताद, राग मानू नका, पण तुम्ही तर बघतच नाही. ही कसली ट्रायल?"

"इकडं या," ते म्हणाले.

त्यांनी मला जीपच्या बाजूला, ते उभे राहायचे तिथे उभं केलं. समोर जीपचा बाजूचा आरसा होता. त्यात डंपर पुरा दिसत होता, शिडीसकट.

"चालवते तं सारेच चांगलं, मॅडम. चढतानाही चांगलंच चढते. आपन पाहून राहिलो हे माहीत असते ना त्याले. पन ट्रायल झाली, म्हाताऱ्यानं पाठ केली, का मंग तो खरा दिसते. उतरताना पाहा त्याले. ज्याले उतरायची घाई, त्याले साऱ्याचीच घाई."

त्याच वेळी आरशात एक पोरगा शिडीच्या अर्ध्यातून धपकन उडी मारून खाली आला. उस्तादांनी गिलास पालथा करून झटकला.

"नाही," ते म्हणाले.

ट्रायलच्या फॉर्मवर बारा-पंधरा रकाने होते. ते सगळ्यांत निमूटपणे खुणा करायचे, पण शेवटी शेरा लिहायची जागा होती ना, तिथे दोनच गोष्टी यायच्या. 'उतरला बरोबर' किंवा 'नाही'. अक्षर मात्र शाळामास्तरासारखं सुरेख.

एकदा त्यांनी मलाच डंपरवर चढवलं. "माणसं घेता तं पाहा तरी वरून काय दिसते." मी ओढणी कमरेला बांधून चढले. वरून बघितलं तर पुढचा दहा-बारा हात जमिनीचा तुकडाच दिसेना. तिथे माणूस उभा असला तर ऑपरेटरला कळणारही नाही. मला दरदरून घाम फुटला. उतरताना मी साहजिकच पायऱ्यांकडे पाठ करून, खाली बघत, एका हातानं ओढणी सावरत आले.

"मॅडम, फेल," उस्ताद म्हणाले.

यार्डातली सगळी माणसं हसली. मीही हसले, पण सांगायला काय हरकत आहे, मला ते लागलं. एम.बी.ए. केलेल्या बाईला सगळ्यांसमोर फेल म्हणायचं म्हणजे काय.

बाकी माणूस गमतीचा होता. एकदा बर्डीहून आम्ही एकाच ऑटोत बसलो. उतरताना ते सवयीप्रमाणे वळले, तोंड आत, पाय बाहेर, आणि तो पाय नेमका एका बाईच्या पिशवीत. टमाट्याचा रस्सा झाला. बाई चिडली. "डोळे फुटले का वं तुमचे," म्हणून ती ओरडायला लागली आणि रागाच्या भरात आपण बाप्याला बायकांचं 'वं' म्हणालो हे तिचं तिलाच कळलं नाही. उस्तादांनी रस्त्यात बसून एकेक धड टमाटर वेचून दिला. नंतर मला म्हणाले, "पाहा, आपलं सारं बरोबर, पन मांगं पाहाले पाहिजे होतं."

आता मुद्द्यावर येते. मला यायचं नव्हतं, म्हणून टमाटे सांगत बसले.

उस्तादांच्या हाताखालून दहातले चार पास व्हायचे. भाऊ वैतागायचे. एकदा ते म्हणाले, "उस्ताद, आपल्याले जावई नाही पाहाचा हाये. डंपर चालवणारा पाहिजे."

उस्तादांनी भाऊंच्या ओठांकडे बघून ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावई पाहण्यात चुकलो मी, भाऊ. पोरगी भोगून राहिली. हे नाही चुकू देत."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. त्याच महिन्यात एका ठेकेदाराचं नवीन काम निघालं आणि त्याला दोन आठवड्यांत तीस ऑपरेटर हवे होते. दिले नाहीत तर तो दुसऱ्या एजन्सीकडे जाणार होता. भाऊ मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचे, "किती झाले?" मी आकडा सांगायचे आणि ते उठून पंखा वाढवायचे.

तेव्हाच रुपेश परत आला. तीन महिन्यांपूर्वी उस्तादांनी त्याला नाही म्हटलं होतं. चांगला चालवणारा पोरगा, गोंदियाकडचा, हात अगदी साफ. पण उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडी मारली होती आणि जमिनीला पाय लागायच्या आत खिशातून फोन काढला होता. आता तो माझ्या टेबलासमोर फाइल छातीशी धरून बसला होता. रात्रभराच्या प्रवासानं डोळे लाल.

"मॅडम, माझं काय चुकलं होतं, एवढंच सांगा. घरी सगळे विचारतात. मलाच माहीत नाही तर काय सांगू?"

मला दया आली. हे मी खोटं सांगत नाही, आलीच. पण त्या दयेच्या मागे सकाळचा पंखा होता, आणि त्याच्याही मागे, आता इतकं सांगतेच आहे तर, 'मॅडम, फेल' होतं. म्हाताऱ्याचा एवढा काय तो तोरा, असं मनात कुठेतरी होतंच.

मी म्हटलं, "हे बघ, उतरताना तोंड मशीनकडे ठेव. दोन्ही हातांनी धर. शेवटच्या पायरीपर्यंत. आणि उस्ताद पाठ करून उभे राहिले तरी ते आरशात बघत असतात."

"बस, एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यार्डावर तो असा उतरला, की काय सांगू. पुस्तकात चित्र असावं तसा. तोंड मशीनकडे, हात दांड्यावर, एकेक पायरी. मी आरशात बघत होते आणि उस्तादांच्या चेहऱ्याकडेही. त्यांनी गिलास जीपच्या बॉनेटवर ठेवला. मी त्यांना अर्धा चहा टाकून वळताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते चालत रुपेशजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुधरला गा तू," ते म्हणाले. "कोनी सांगतलं तुले?"

रुपेशनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"कोणी नाही उस्ताद. मीच विचार केला, आपलं काय चुकलं असेल."

उस्तादांचे डोळे भरून आले. मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या माणसाचे डोळे भरून आले. फॉर्मवर त्यांनी 'उतरला बरोबर' लिहिलं आणि त्याखाली एक रेघ मारली.

मग काय, मला वाटच सापडली. कागद तपासताना मी प्रत्येकाला सांगायला लागले. तोंड मशीनकडे, दोन्ही हात, आरसा. अर्ध्या मिनिटाचं काम. मी स्वतःची समजूतही घातली होती, की यात वाईट काय, नीट उतरायलाच तर शिकवतेय. पडणार नाहीत बिचारे. पण ते मला तेव्हाही पटलेलं नव्हतं. उस्ताद उतरणं बघत नव्हते. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं वाटल्यावर माणूस कसा वागतो, ते बघत होते. आणि मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवत होते की बाबा, तुझ्याकडे लक्ष आहे.

दहातले नऊ पास व्हायला लागले. भाऊंनी मला केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. आणि उस्ताद? त्यांना संशय यायला हवा होता ना? मी त्याचीच धास्ती घेऊन होते. पण त्यांना आला तो आनंद. एक दिवस दुपारी ते दोन्ही हातांत कागदाचे पुडे घेऊन ऑफिसात आले. आलूबोंडे. कधी कोणावर चहाचा खर्च न करणारा माणूस, त्यांनी सगळ्यांच्या टेबलावर आलूबोंडे वाटले. वर तळलेली मिरची.

"काय विशेष, उस्ताद?"

"काही नाही, मॅडम. पोट्टे शिकून येऊन राहिले आता. मले वाटे, आपन गेलो का हे बी आपल्यासंगं गेलं. पन नाही. कोनीतरी शिकवून राहिलं त्यायले कुठंतरी. चांगला मानूस असन."

मी दोन आलूबोंडे खाल्ले. नाही म्हणायला हवं होतं, पण खाल्ले. चव चांगली होती, हेही आठवतं.

तीस माणसं वेळेत गेली. दोन महिने झाले, आणि एका दुपारी खाणीतून फोन आला.

रुपेशनं जेवणाच्या सुट्टीत डंपर उतारावर उभा केला होता. इंजिन चालू, ब्रेक अर्धवट. मागच्या चाकाला लाकूड लावायचं असतं, तेही नाही. घरून फोन येत होता म्हणे. फोन कानाला लावून, तोंड बाहेर करून, त्यानं वरून उडी मारली. डंपर त्याच्यामागून हळूच सरकला. खाली पाण्याच्या पंपावर एक माणूस डबा खात बसला होता. जीव वाचला त्याचा. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मी त्या माणसाला कधी बघितलं नाही. त्याचं नाव फोनवर एकदा ऐकलं आणि ते मी आजवर विसरू शकलेले नाही.

आठवड्याभरानं ठेकेदाराचा सेफ्टी ऑफिसर चौकशीला आमच्या ऑफिसात आला. भाऊंच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. तो, भाऊ, उस्ताद आणि मी. फाइल माझ्यापुढे होती. रुपेश काही बोलून गेला असेल या भीतीनं मी तिची पानं पुन्हा पुन्हा सारखी करत होते. पण त्याला ते कोणी विचारलंच नव्हतं. त्याला फक्त ब्रेकबद्दल विचारलं होतं आणि कामावरून काढून टाकलं होतं.

ऑफिसरनं फॉर्म उलटसुलट केला. "उतरला बरोबर," त्यानं मोठ्यानं वाचलं. "याच्याखाली रेघ पण मारली आहे. हा आधी एकदा फेल झाला होता ना? मग तीन महिन्यांत पास कसा झाला?"

उस्तादांनी उजवा कान पुढे केला. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. ऑफिसर तोंडासमोर कागद धरून बोलत होता, त्यामुळे ओठही दिसले नव्हते. भाऊंनी मला खूण केली. लक्षात घ्या, उस्तादांना तो प्रश्न मी विचारला. त्यांच्या कानाजवळ वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"उस्ताद, ते विचारतात, तीन महिन्यांत तो पास कसा झाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग डोळ्यांकडे बघितलं.

"बरोबर उतरला होता ना, मॅडम," ते म्हणाले. "तुमी होत्या ना तिथं. तुमी बी पाह्यलं."

"हो," मी म्हटलं.

एवढंच बोलले मी त्या चौकशीत. हो.

उस्ताद ऑफिसरकडे वळले. "मंग माहीच नजर चुकली, साहेब. सही माही हाये. मानूस मी पास केला. म्हातारपन आलं, आता नाही समजत मानूस." आणि मग माझ्याकडे बोट करून, अगदी सहज, जणू राहिलेली गोष्ट आठवली म्हणून, ते म्हणाले, "या मॅडमचं काही नाही यात. त्या फक्त कागद पाहतात. त्यायचं नाव नका घेऊ कुठं."

ऑफिसरनं ते लिहून घेतलं. भाऊंनी उस्तादांना उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. तोंडावर नाही म्हणवलं त्यांना, म्हणाले, "आता आराम करा, धान लावा." उस्ताद म्हणाले, "हो, तेच करतो आता."

दोन वर्षं झाली याला. ट्रायल घ्यायला आता दुसरे गृहस्थ येतात. त्यांच्या हातात टॅब असतो आणि ते मशीनकडे तोंड करून उभे राहतात. जीप भंगारात गेली. मी काही सांगत नाही आता कोणाला, पण सांगायची गरजच उरलेली नाही. कुठून कुठून पोरं येतात आणि सगळी अगदी तशीच उतरतात, तोंड मशीनकडे, दोन्ही हात दांड्यावर. नागपूरला ट्रायलला गेलास तर असं उतर, म्हणून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे म्हणे ते. एका पोरानं मला हौसेनं दाखवलंही. खाली आरशाचं चित्र होतं. मी म्हटलं, छान, कागद दे.

कुही काही लांब नाही. सकाळी बसमध्ये बसलं तर माणूस जेवायला परत येतो. मी गेले नाही. एकदा फोन केला, तर सुनेनं उचलला. "बाबा धानाच्या बांधीत गेले. कोन मॅडम बोलून राहिल्या? सांगू का त्यायले?" मी म्हटलं, नको, सहज केला होता. ती म्हणाली, "ते आठवन काढत राहतात तुमची. मॅडमनं लय सांभाळून घेतलं म्हनतात." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

लाज वाटते, असं आपण बोलताना किती सहज म्हणतो. साडीला डाग पडला तरी लाज वाटते आपल्याला. ही तशी नाही. ही रोज सकाळी माझ्या आधी ऑफिसात येऊन बसलेली असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच मागे ठेवली.

चौकशी संपल्यावर उस्तादांनी भाऊंना नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली, आत गिलास आहे ना ते चाचपून बघितलं आणि निघाले. मी दारापर्यंत गेले. केबिनचं दार बंद होतं, बाहेर कोणी नव्हतं. नेहमीप्रमाणे ते थांबले, वळले, तोंड माझ्याकडे केलं, दोन्ही दांडे धरले आणि एक पाय मागे टाकला.

सतरा पायऱ्या. मी वर उभी आणि ते माझ्याकडे बघत खाली जात होते. त्या माणसाला पाठ फिरवून जाता येत नव्हतं, म्हणून मला त्याची पाठ दिसायची सोय नव्हती. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं, आता सांगते. उस्ताद, तुमची नजर चुकली नाही. मी सांगितलं होतं त्याला. मी सगळ्यांनाच सांगितलं होतं. एका वाक्याचं तर काम होतं.

नवव्या की दहाव्या पायरीवर ते थांबले. माझे ओठ हलले असावेत. ते तिथूनच मान वर करून बघत होते, माझ्या ओठांकडे, नेहमी बघायचे तसे.

"काही म्हनलं का, मॅडम?"

ते वाट बघत उभे राहिले. घाई नव्हतीच त्यांना कधी.

"काही नाही," मी म्हटलं. "सावकाश उतरा."

"हो," ते म्हणाले, आणि पुढच्या पायरीसाठी पाय मागे टाकला.